पहिली चूक थोरल्याची

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढते, काळा कोट घालून, पोटापाण्यासाठी. तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल ज्याला जे समजायचं ते त्यानं खुशाल समजावं.

कोर्ट आमचं तालुक्याचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. तालुका कोणता ते सांगत नाही, मला तिथं अजून वकिली करायची आहे. मी तांड्यातली, गोरमाटी, म्हणजे तुमच्या भाषेत बंजारा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले, आता आम्ही फिरत नाही, कापूस आणि सोयाबीन करतो. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि कोर्टात गेलं की पुस्तकातली मराठी, जी आमच्या तांड्यात फक्त मला कळते, तीही पूर्ण कळते अशी माझी छाती नाही. तांड्यातून वकील झालेली पहिली बाई मीच. मी यवतमाळला एलएल.बी.ला गेले तेव्हा तांड्याच्या पंचायतीनं, म्हणजे आमच्या नसाबानं, माझ्या बापूला मधोमध उभं करून विचारलं होतं, "पोरगी हाताबाहेर गेली तर कोन जबाबदार?" आज त्याच पंचांची पोरं कुठं अडकली की रात्र असो दुपार असो, फोन मलाच येतो. मी उचलते आणि आधी चांगलं सुनावते, मग कोट घालते.

हे काकीच्या केसचं सांगायचं आहे. काकी म्हणजे माझ्या बापूच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या तांड्याच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. सेविका बाई बाहेरगावहून येते, चांगली आहे, पण तिला गोरबोली येत नाही. आणि आमची तीन-चार वर्षांची पोरं दुसरं काही बोलत नाहीत. मग सेविका म्हणते, "हात धुवा," पोरं तिच्या तोंडाकडं बघतात, काकी तेच आपल्या बोलीत म्हणते आणि सगळी टोळी नळाकडं पळते. सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, खिचडी शिजवणं, नाकं पुसणं, सगळं काकी. तिला स्वतःचं मूल नाही. तांड्यातली निम्मी पोरं तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. ते काम गेलं असतं तर काकीचं काय उरलं असतं, हा विचार मी केसच्या त्या सगळ्या वर्षांत फार वेळ करू शकत नव्हते.

आणि काम जाणार होतं. ऑफिसातून तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, केस चालू आहे तोवर राहा, शिक्षा झाली की घरी.

केस कशाची? पाण्याची. उन्हाळ्यात आमच्या तांड्याला नळ एक दिवसाआड, तोही विजेची मर्जी सांभाळून. त्या दिवशी नळाच्या ओट्यावर सहा-सात बाया होत्या. काकी अंगणवाडीच्या खिचडीसाठी पाणी घ्यायला आलेली. नंबरावरून दोघी-तिघींची जुंपली. त्यातली एक पलीकडच्या ओळीतल्या घरची सून, तिला मी इथं पलीकडची म्हणते. एकीनं तिची कळशी ओढली, तिनं परत ओढली, शिव्या झाल्या, झिंज्या धरल्या गेल्या, काकी मधे पडून "सोडा, सोडा" करत होती, आणि ओट्यावरच्या शेवाळावरून पलीकडचीचा पाय सटकला. डोकं ओट्याच्या कडेवर. रक्ताची धार लागली. काकीनं आपल्या ओढणीनं तिचं डोकं बांधलं आणि ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात धाडलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? पलीकडची रागानं नुसती फणफणत होती. म्हणाली, "त्या पाचही जनीनं मारलं मले." झालं! डोक्याला मार म्हटल्यावर दवाखान्यातून पोलिसांना कळवणं आलंच. दुपारी एक हवालदार मोटरसायकलवर तांड्यात हजर. त्यानं बायांना विचारलं, "कोनं मारलं तिले?"

मग काकी पुढं झाली, जमिनीवर बसली, ओढणीचा पदर समोर पसरला आणि म्हणाली, "मायी चूक हाये, साहेब."

आता इथं थांबून सांगावं लागेल, नाही तर तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी होती की काय. वेडी नव्हती. आमच्या तांड्यातल्या बायांची ही रीतच आहे. पाण्यावर, सरपणावर, पोरांवरून भांडण पेटलं आणि कोणाला लागलं, तर तिथं हजर असलेल्यांत जी वयानं थोरली, तिनं आधी खाली बसायचं, पदर पसरायचा आणि म्हणायचं, चूक माझी. तिनं काही केलेलं असो वा नसो. तिच्या डोळ्यांदेखत झालं ना? मग पहिली चूक थोरल्याची. एवढं ती म्हणाली की धाकट्यांना बसवत नाही. लगेच एक म्हणते, "नाई काकी, तुमची काहून? कळशी म्या ओढली." दुसरी म्हणते, "पन पहिली शिवी तं म्या देल्ली." तिसरी म्हणते, "मी हासली म्हनून ते चिडली." बघता बघता खरं काय झालं ते सगळं ओट्यावर येऊन पडतं, आणि कोणाचं नाक कापलं जात नाही. थोरलीचं ते वाक्य म्हणजे आमच्याकडं बोलण्याची सुरुवात असते. त्याला कबुली समजणारा माणूस आमच्याकडं जन्माला यायचा आहे.

हवालदार तांड्यातला नव्हता. त्यानं ते एक वाक्य ऐकलं, टिपलं आणि गाडीला किक मारली. बाकीच्या बायांनी तोंडं उघडलीसुद्धा नव्हती. काकीचं नाव आरोपी नंबर एक म्हणून लागलं.

दोन दिवसांनी पलीकडची टाके घेऊन परत आली. तोवर राग ओसरला होता. बाया ओट्यावर बसल्या, पलीकडचीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मी घसरले, एकमेकींना गूळ भरवला, विषय संपला. पुढं तिला मुलगी झाली ती काकीच्याच कडेवर वाढली. तांड्याला विचाराल तर असं काही भांडण झालं होतं हे आठवायलाही वेळ लागेल.

पण सरकारला आठवत होतं. कागदावर पाच बायांनी "गैरकायद्याची मंडळी जमवून दंगा केला" होता. बाप्पा! नळावर गैरकायद्याची मंडळी! ज्या दिवशी सात जणी जमत नाहीत त्या दिवशी नळाला पाणी आलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं, मिटलं आहे, दोन्हीकडच्या एका ताटात जेवतात, घ्या केस मागं. तर नाही. साधी मारहाण आपसात मिटवता येते, दंगा मिटवता येत नाही, कारण दंगा म्हणजे सरकारविरुद्धचा गुन्हा. नागपूरला हायकोर्टात जाऊन रद्द करून आणता येतो. आता सांगा, ओट्यावरच्या भांडणासाठी आमच्या कापूस वेचणाऱ्या बाया नागपूरला वकील लावायला जाणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरीच झालेली नव्हती.

मग सुरू झाल्या तारखा. साहेब रजेवर, पुढची तारीख. साहेबांची बदली, पुढची तारीख. पाचातली एक नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली, तिच्या नावानं वॉरंट, पुढची तारीख. तारखेच्या दिवशी आरोपी बाया आणि पलीकडची एकाच काळीपिवळीतून यायच्या, मांडीला मांडी लावून, कारण तेवढ्याच भाड्यात सगळ्यांचं भागायचं आणि पलीकडचीला एकटीला मागं राहणं बरं वाटायचं नाही. कोर्टाच्या आवारात बाभळीखाली बसून ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा खायच्या. बायांसाठी मुतारीला कुलूप, किल्ली कोणाकडं ते ब्रह्मदेवालाही माहीत नसावं. संध्याकाळी पुकारा व्हायचा, हजर म्हणायचं, परत. वेचणीच्या दिवसांत एकेक खाडा म्हणजे घरात किती बोलणी, ते मला सांगायची गरज नाही. मधल्या काळात देशातले फौजदारी कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले, पेपरात मोठमोठे लेख आले. आमची केस जुनी, तिला जुनेच आकडे. आमच्या बाया बाभळीखाली होत्या तिथंच होत्या.

शेवटी जुनी प्रकरणं निकाली काढा असा वरून रेटा आला, आणि आमच्या केसची धूळ झटकली गेली. त्या दिवसांत कोर्टात एक वारं सुटतं. जो तो म्हणतो, कबूल करून टाका. बार रूममधले एक ज्येष्ठ वकील, माणूस प्रेमळ, मला चहा पाजत म्हणाले, "ताई, कायले ताणता? कबूल करून टाका. कोर्ट उठेपर्यंत शिक्षा, किरकोळ दंड. साडेपाचला बाया घरी."

"आणि काकीची अंगणवाडी?"

"ते पुढचं पुढं पाहू."

मी कप तसाच ठेवला. म्हटलं, "दादा, तुमच्या सुनेची नोकरी असती तर पुढचं पुढं पाहिलं असतं का?" वाईट माणूस नाही तो, पण आमच्या अख्ख्या यंत्रणेचं दुखणंच हे आहे. निकाल लागला पाहिजे, मग तो खरा असो नसो. गरिबाला कबुली स्वस्त वाटते कारण तारीख महाग झालेली असते. घरी गेल्यावर कळतं की कबुलीनं काम गेलं, आता पोलिसांचा दाखला मिळत नाही, पुढं कुठं काही झालं की पहिली गाडी आपल्याच दारात. हे आधी कोणी सांगत नाही. सांगायला किती वेळ लागतो? भाकरी भाजून होते तेवढाही नाही.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी तांड्यात गेले. काकी चुलीपुढं. मी तिला समोर बसवून समजावलं, "उद्या न्यायाधीश बाई विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तू म्हणायचं, नाकबूल."

"नाकबूल," काकी म्हणाली, अंगणवाडीत पोरं कविता म्हणतात त्या सुरात.

"परत."

"नाकबूल." मग भाकरी उलटवत तिनं विचारलं, "ते राहीन का तिथं?"

"कोण?"

"पलीकडची. तिच्या तोंडावर मी कशी म्हनू का मायी चूक नाई? तिच्या डोक्यात टाके पडले, छोरी. मी तिथं उभी होती."

"काकी, हा नसाब नाही. कोर्ट आहे. तिथं चूक म्हटलं की संपलं."

"हाव, हाव, समजलं," काकी म्हणाली. तिच्या त्या हाव-हावचा मला लहानपणापासून अनुभव आहे. पालथ्या घड्यावर पाणी. मी तिच्याकडून आणखी चार वेळा म्हणवून घेतलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी नवीन न्यायाधीश होत्या. तरुण, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, येऊन महिना झाला नसेल. चेहरा दमलेला, समोर फायलींचा ढीग. आमचा पुकारा झाला. पाचही जणी पिंजऱ्यात, काकी सगळ्यांत पुढं. पलीकडची मागच्या बाकावर, कपाळावरची खूण केसांनी झाकून. न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. गैरकायद्याची मंडळी, समान उद्देश, दंगा, दुखापत. काकी आदरानं मान हलवत होती. मग प्रश्न आला, "गुन्हा कबूल आहे का?"

काकीनं माझ्याकडं पाहिलं. मी ओठांनीच म्हटलं, ना-क-बूल. मग तिनं मान वळवून मागच्या बाकाकडं पाहिलं, आणि पुढं काय होणार ते मला कळलं.

काकी गायब झाली. न्यायाधीशांनी मान वर केली तर पिंजऱ्यात चारच डोकी. "पहिल्या आरोपी कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. पिंजऱ्याच्या लाकडी फळीमागून, जमिनीजवळून आवाज आला, "मायी चूक हाये, बाई."

काकी खाली बसली होती. पदर पसरून.

सरकारी वकिलांचा चेहरा खुलला. न्यायाधीश लिहायला वाकल्या. त्या पेनाच्या टोकाला मला काकीची अंगणवाडी दिसली, कडेवरची पोरं दिसली, आणि माझं डोकं फिरलं. "थांबा!" मी ओरडलेच. कोर्टात ओरडत नाहीत, मला ठाऊक आहे. तोंडातून गेलं.

"वकीलबाई, आवाज खाली," न्यायाधीश म्हणाल्या. "तुमच्या अशीलानं कबूल केलं आहे."

"नाही मॅडम. तिनं कबूल शब्दही उच्चारला नाही. कायदा सांगतो, आरोपी जे बोलेल ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहा. लिहा तिचे शब्द. आणि ती खाली का बसली, तेही विचारा. तिनं काय केलं ते कोणी आजवर विचारलेलं नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही!"

सरकारी वकील उठून म्हणाले, "मॅडम, वकीलबाई आरोपीच्या नात्यातल्या आहेत." मी म्हटलं, "तांड्यात सगळेच एकमेकांच्या नात्यातले असतात, दादा. माझी चुलती आहे म्हणून तिची बोली मला कळते. दुसरं कोण आहे इथं, ज्याला ती कळते? बोलवा, मी बसते."

न्यायाधीशांनी दोघांकडं बघितलं. त्यांनी मला झापलं असतं तर चाललं असतं. पण त्यांनी पेन बाजूला ठेवलं. माझ्या वकिलीच्या आयुष्यात मी न्यायाधीशांना पेन उचलताना शेकडो वेळा पाहिलं आहे, ठेवताना फार थोड्या वेळा.

"मावशी, उभ्या राहा. तुम्ही त्या बाईला मारलं का?"

काकी उठली. "नाई."

"कळशी ओढली? ढकललं?"

"नाई, बाई. मी तं सोडवत होती."

"मग चूक तुमची कशी?"

काकीला प्रश्नच कळला नाही. इतकं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं न्यायाधीशांकडं पाहिलं. "मी मोठी होती ना तिथं," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून पलीकडची उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण थोरलीनं चूक पदरात घेतल्यावर धाकटीला बसवत नाही, ते तिच्या अंगातच आहे. "बाई, काकीची काहून? मायाच पाय घसरला. शेवाय होतं." लगेच पिंजऱ्यातली दुसरी, "कळशी म्या ओढली जी." तिसरी, "शिवी पहिले म्या देल्ली." शिपाई "शांतता! शांतता!" करतोय आणि बाया आपापली चूक पुढं करतायत. सरकारी वकील हात उंचावून म्हणाले, "मॅडम, म्हणजे सगळ्यांनीच कबूल केलं!" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसल्या, मग त्यांनी हसू आवरलं आणि मला म्हणाल्या, "हे काय चाललंय, मला नीट सांगा."

मी सांगितलं. पदराचं, थोरलीचं, ओट्याचं. त्यांनी मधे एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. मग काकीला त्यांनी समजावून सांगितलं की इथं चूक म्हटलं तर शिक्षा होते आणि तुमचं काम जाऊ शकतं. पुन्हा विचारलं. काकीनं पलीकडचीकडं पाहिलं, पलीकडचीनं मान हलवली, आणि मग काकी म्हणाली, "म्या मारलं नाई. पन मी मोठी होती." न्यायाधीशांनी जसंच्या तसं लिहिलं. पुढं लिहिलं, गुन्हा नाकबूल. बाकीच्या चौघींनाही तसंच एकेकीला समजावून विचारलं, चौघींनी दंगा नाकारला, आणि केस चालणार असं ठरलं.

मला त्या वेळी जे वाटलं ते स्पष्ट सांगते, मला अभिमान वाटला. काकीचा वाटला, आणि कायद्याचाही. कारण "त्याच्याच शब्दांत लिहा" हे मी काही घरून आणलं नव्हतं. ते कायद्यात होतंच, कितीतरी वर्षं. फक्त कोणाला सवड नव्हती.

म्हणून सुधारणा म्हटली की लोक मोठमोठ्या इमारती आणि कॉम्प्युटर सांगतात, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अंगणवाडीत सरकारला कळलं ना, की तीन वर्षांच्या पोराशी बोलायला त्याची बोली जाणणारं माणूस लागतं? मग पिंजऱ्यातल्या बाईशी बोलायला ते लागत नाही, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? आरोपीला त्याच्या बोलीत विचारा. कबुलीनं काय काय जाईल ते आधी सांगा. आणि दोन्ही बाजू गूळ खाऊन बसल्या असतील, तर ते भांडण मिटवायची मुभा तालुक्याच्या न्यायाधीशालाच द्या, नागपूर दाखवू नका. आमचा नसाब काही देवाचा दरबार नाही. तिथं बाईला बसायला चटई नाही, आणि पंचांनी माझ्या बापूला दिलेला त्रास मी विसरलेली नाही. तो कोर्टाच्या जागी आणा असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण ओट्यावरच्या बायांना खरं बाहेर काढायची एक युक्ती माहीत आहे, आणि ती फुकट आहे.

केस चालली. पलीकडचीनं साक्षीत शपथेवर सांगितलं की मी घसरून पडले. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं. हा आमच्याकडचा आणखी एक तमाशा. दवाखान्यात रागाच्या भरात खोटं बोलली तेव्हा ती सरकारची साक्षीदार, आणि देवाशपथ खरं बोलली त्या दिवशी फितूर! ती बिचारी बाहेर येऊन मला विचारते, "वकीलबाई, फितूर म्हंजे काय? मायावर केस होते का?" मी म्हटलं, "काही होत नाही. चल, चहा पी." डॉक्टरनंही सांगितलं की ओट्यावर पडून अशी जखम होऊ शकते. सांगायचं उरलंच काय होतं?

निकालाच्या दिवशी सगळ्या परत एकाच काळीपिवळीतून आल्या. काकीनं ठेवणीतली ओढणी घेतली होती. पाचही जणी पिंजऱ्यात, पलीकडची मागच्या बाकावर, दाराशी कोर्टाच्या कामाला लावलेले हवालदार. तेच ते, किक मारून गेलेले. आता केस पांढरे, पोट सुटलेलं, निवृत्तीला आलेले. न्यायाधीशांनी निकाल वाचला. पाचही निर्दोष. बाकीच्या चौघींनी हात जोडले आणि पिंजऱ्यातून उतरल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते फाईल चाळायच्या मिषानं लपवलं.

काकी उतरली नाही.

"मावशी, तुम्ही सुटलात," न्यायाधीश म्हणाल्या. "तुमचं काम जात नाही. जा आता घरी."

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"चूक मायी नाई?"

"नाही."

"हिची बी नाई?" तिनं मागं हात केला.

"नाही. कोणाचीच नाही."

"मंग हे इतके वर्सं जे झालं, ते कोनाची चूक?"

टायपिस्टची बोटं थांबली. काकीच्या आवाजात राग नव्हता. ओट्यावर विचारावं तसं ती विचारत होती. "आमच्यात सगळ्यायहून मोठं जे राह्यते ना, तेनं पहिले म्हनाव लागते. इथं मोठ्या तुमीच हाये, बाई. एवढ्या उंच बसल्या."

सरकारी वकील ताडकन उठले, "अहो मावशी, कोर्टाला असं..." न्यायाधीशांनी हातानं त्यांना बसवलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "फार उशीर झाला, मावशी. चूक आमची."

काकीनं दोन्ही हात हलवले. "नाई माय! तुमची काहून? तुमी तं आता आल्या. म्याच पोलिसाले तवा अर्धं सांगतलं."

मागून पलीकडची उठली. "नाई, दवाखान्यात मीच खोटं बोलली जी."

आणि दाराशी हवालदारांनी घसा साफ केला, टोपी काढून हातात घेतली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "तसं पाह्यलं तं, मॅडम, त्या दिवशी मीच जरा..."

तेवढ्यात शिपायानं घड्याळाकडं पाहून पुढच्या केसचा पुकारा केला. काकीनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"थांब रे बाबा," ती म्हणाली, "आता कुठं बोलनं सुरू झालं."